जुन्या गाडीचे किलोमीटर नंतर विचारा, आधी पाणी आणि ऑइल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या तोंडावर छोट्या जाहिरातींच्या रकान्यात जुन्या गाड्यांची गर्दी होते. ‘जीजे-०६, एक हाती, ३८ हजार किमी, डॉक्टरांनी वापरलेली, टिपटॉप कंडिशन’ हा ठरलेला मजकूर (जीजे-०६ म्हणजे बडोद्याचा नंबर). गाडी आणखी सात-आठ वर्षे बिनबोभाट चालेल का, याचा अंदाज बांधायला यातला एकही शब्द उपयोगी नाही. (डॉक्टरांनी वापरल्याने पिस्टनच्या रिंगांना नेमका काय फायदा होतो, हे अजून कुणी सांगितलेले नाही.) महाराष्ट्रातले वाचकही बडोद्याहून गाड्या नेतात. गुजरातेत खासगी गाडीला सहा टक्के रोड टॅक्स, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे अकरा ते तेरा टक्के, म्हणजे इथली गाडी स्वस्त, असा हिशेब डोक्यात असतो. पण तिकडे पासिंग करताना घसारा वजा करून टॅक्स पुन्हा भरावाच लागतो, तो किमतीत धरावा. हा मुद्दा पैशांचा. गाडीच्या आयुष्याचा मुद्दा वेगळा आहे आणि हे पत्र त्यासाठी.

बडोद्याची गाडी असेल तर पहिली शंका पाण्याची घ्यावी. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातला विश्वामित्री नदीचा पूर, या दोन वेळा शहरातल्या हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सोसायट्यांच्या आवारात शिरलेल्या मगरींच्या बातम्या देशभर गेल्या. गाड्या मात्र सुकवून, धुऊन, नवे सीट कव्हर घालून हळूहळू बाजारात येतात. बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी आहे त्या स्थितीत लिलावात विकते. घेणारा ती चालू करून पुढे विकतो. आपल्याकडे आरसीवर याचा कुठलाही शेरा पडत नाही. ७५ टक्क्यांच्या आत खर्च आलेल्या गाड्या तर वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन मूळ मालकाकडेच परत गेल्या. वर्ष-दोन वर्षांनी त्या विकायला निघतात, कारण तोवर त्रास सुरू झालेला असतो.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. पाणी शिरलेले इंजिन खोलून धुता येते, ऑइल दोन-तीनदा बदलून निभावता येते. वायरिंग तसे धुऊन निघत नाही. गाडीची मुख्य वायरिंग गालिच्याखालून जाते आणि एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या पुढेमागे, जमिनीलगत असतो. गढूळ पाणी कनेक्टरमध्ये राहिले की तांब्याला हिरवा गंज चढतो, जोड कच्चा होतो. मग सहा महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो, पावसाळ्यात एक पॉवर विंडो बंद पडते, सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करते. इलेक्ट्रिशियन एक जोड दुरुस्त करतो, पुढच्या महिन्यात दुसरा जातो. हा खर्च कधी संपत नाही. त्याच पाण्याने व्हील बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेलेले असते, स्टार्टर आणि अल्टरनेटरची बेअरिंगे खराब झालेली असतात.

बुडालेली गाडी ओळखायला यंत्र लागत नाही, वीस मिनिटे आणि टॉर्च पुरते. ड्रायव्हरच्या दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिक पट्टी हाताने ओढली की निघते. तिथून गालिचा उचलावा आणि खालच्या फोममध्ये बोटे घालून पाहावीत. वरचा गालिचा धुता येतो, फोममधली बारीक माती सहसा निघत नाही. सीटच्या रुळांवर आणि त्यांच्या बोल्टवर गंज आहे का, बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का, हे बघावे. ओरखडे असतील तर सीट बाहेर काढली होती. का, ते विचारावे. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावेत. रोज वापरात न येणारा शेवटचा हातभर पट्टा गुंडाळलेलाच असतो आणि पाण्याची रेघ नेमकी तिथे राहते. स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या आत खालच्या कडेला साचलेली माती, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) पिना, डॅशबोर्डच्या खालून दिसणारे स्क्रू, या जागा साफ करणारा सहसा विसरतो. शेवटी एसी बंद करून हीटर पूर्ण चालवावा. पाच मिनिटांत आंबूस, तळघरासारखा वास आला तर पुढचे काही बघू नये. सात वर्षांच्या गाडीत कोरा गालिचा, कोरी कव्हरे आणि उग्र सुगंधाची बाटली असे तिन्ही एकत्र दिसले तर संशय दुप्पट करावा.

एक तपास कागदावरच होतो आणि तो फार थोडे लोक करतात. विक्रेत्याकडे गेल्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात आणि त्यावरचा नो क्लेम बोनस वाचावा. क्लेम न घेता वर्षे गेली की हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणात शून्यावर येतो. आता २०१८ ची, एकाच मालकाची गाडी आहे, २०२३ च्या पॉलिसीत बोनस ५० टक्के आहे आणि ऑगस्ट २०२४ नंतरच्या पहिल्या नूतनीकरणात शून्य आहे. त्या वर्षात काय झाले, हे विक्रेत्याने क्लेमच्या कागदासह सांगायला हवे. दोन अपवाद लक्षात ठेवावेत. मालक बदलला की बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे नव्या मालकाच्या पहिल्या पॉलिसीत शून्य दिसणे स्वाभाविक. आणि ‘एनसीबी प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घेतले असेल तर क्लेम होऊनही बोनस तसाच दिसतो. ते कव्हर पॉलिसीत छापलेले असते.

पाण्यानंतर ऑइल. आपल्याकडे कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हा समज पक्का बसलेला आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल बदलायचे असते. वर्षाला तीन-चार हजार चालणाऱ्या गाडीचा मालक ‘अजून दहा हजार कुठे झाले’ म्हणून दोन-अडीच वर्षे ऑइल तसेच ठेवतो. रोज शहरातल्या शहरात, अलकापुरीहून मांडवीपर्यंत जाणारे इंजिन पुरते तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि न जळालेले इंधन मिसळत राहते, आत काळा चिखल जमतो. उलट अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर रोज ये-जा करून सव्वा लाख किलोमीटर झालेली, पण प्रत्येक दहा हजाराला बिल असलेली गाडी पुष्कळदा जास्त वर्षे चालते. म्हणून आधी बिले मोजावीत, मीटर मागाहून. सात वर्षांच्या गाडीची किमान सात ऑइल-फिल्टरची बिले हवीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाच्या संमतीने गाडी नंबरवरून पूर्ण इतिहास निघतो. त्यात नुसती ‘सर्व्हिस’ अशी नोंद वाचून थांबू नये. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलले का, कूलंट बदलले का, गिअर ऑइल कधी बदलले, हे शोधावे. त्याच इतिहासात तारखेबरोबर किलोमीटरही असतात, त्यामुळे मीटर मागे केले असेल तर तेही उघडे पडते.

मीटरबद्दल एवढेच: टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पहिला टायरसेट साधारण चाळीस हजार चालतो. गाडी २०१८ ची, मीटर ३८ हजार, आणि टायर २०२१ चे व तेही झिजत आलेले, तर गणित जमत नाही. क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि ब्रेक डिस्कच्या काठावर नखाला लागणारी धार हे तीन साक्षीदारही मीटरशी जुळायला हवेत.

इंजिन थंड असतानाच बघायचे, ही अट विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगावी. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर पुन्हा यावे. चालू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढावी. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत ऑइलची पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्त आणि वास डिझेलचा असेल, तर ती गाडी बहुधा शहरातच फिरली आहे. धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, स्वतःला साफ करण्यासाठी जादा डिझेल जाळू पाहते, ते काम अर्धवट राहते आणि डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. दिवसाला चार-पाच किलोमीटर चालवणाऱ्याने बीएस-६ डिझेल जुनी काय, नवीसुद्धा घेऊ नये.

चालू करताना दुसऱ्या माणसाने सायलेन्सरमागे उभे राहावे. सुरुवातीला निळा धूर येऊन मिनिटभरात बंद झाला तर व्हॉल्व्हची ऑइल सीले कडक झाली आहेत. खर्च आहे, पण बेताचा. गाडी तापल्यावरही ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघत असेल तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन खोलायचे. गरम झाल्यावरही येत राहणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे हेड गॅस्केटची शंका. डिझेलमध्ये ऑइल भरायचे झाकण उघडून नुसते वर टेकवून ठेवावे. ते थडथड उडू लागले, आतून फुस-फुस वाफ येऊ लागली, तर सिलिंडर झिजले आहेत. शंका राहिली तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. पेट्रोल इंजिनात साधारण दीडशे ते दोनशे पीएसआय येते, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असणे महत्त्वाचे.

आपल्याकडच्या गॅरेजांची एक खोड आहे, तिच्यावर खास लक्ष ठेवावे. गाडी तापते अशी तक्रार आली की काही ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकतात आणि पंखा थेट जोडून देतात. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. मूळ दोष, मग तो बुजलेला रेडिएटर असो की झिजलेला वॉटर पंप, तसाच राहतो आणि इंजिन कायम थंड चालून ॲव्हरेजही पडते. हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर ओबीडी सॉकेटला लावून कूलंटचे तापमान बघावे. ते दहा-पंधरा मिनिटांत ८५ ते ९५ अंशांवर जाऊन स्थिर व्हायला हवे. हायवेवर ६५-७० वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडाच अडकला आहे. रेडिएटरच्या टाकीत हिरव्या किंवा लाल कूलंटऐवजी तांबूस पाणी असणे ही त्याच गोष्टीची दुसरी खूण. स्कॅनरवर आणखी एक पाहावे: ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःच्या करते त्या, चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कुणीतरी नुकतेच दोष पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा लावून बघण्याची अट घालावी.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे त्या मॉडेलपुरते शोधून ठेवावे. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च पन्नास हजारांकडे जातो. जुन्या इनोव्हाचे अडीच लिटरचे डिझेल, डस्टरमधले दीड लिटरचे डिझेल ही बेल्टची इंजिने. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर बदललेला नाही असेच धरून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करावा. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ लिटर डिझेलला चेन आहे. चेन तुटत सहसा नाही, पण ऑइल वेळेवर न बदलल्यास ताणते. थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांहून जास्त खळखळ ऐकू आली तर तीच.

सीएनजी हा गुजरातचा खास विषय. कंपनीतून बसवून आलेली किट आणि बाहेरून बसवलेली किट यांत आयुष्याच्या दृष्टीने मोठा फरक असू शकतो. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. कंपनीच्या सीएनजी इंजिनात त्यासाठी कठीण धातूच्या बैठका आणि जुळवलेले टायमिंग असते. बाहेरच्या किटमध्ये ते सहसा नसते. गाडी थंड असताना पेट्रोलवर चालू करून बघावी, मग सीएनजीवरही चालवावी. अनेकांनी वर्षानुवर्षे पेट्रोल फारसे वापरलेलेच नसते, त्यामुळे फ्युएल पंप आणि इंजेक्टर बुजलेले असतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख सिलिंडरवर आणि प्लेटवर असते. आरसीवर सीएनजीची नोंद नसेल तर विम्याचा दावा अडतो. सिलिंडरच्या पाळण्याखालचा डिकीचा पत्रा गंजला आहे का आणि मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत का, हेही वाकून पाहावे.

ठोकलेली गाडी. बंपर, दार, फेंडर बदलले असतील तर काही बिघडत नाही. शहरातली कुठली गाडी घासलेली नाही? हाडाला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागले आहे का, ते बघायचे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि पुढचे चेसिस लेग (सांगाड्याच्या पुढच्या तुळया) निरखावेत. कंपनीचे वेल्डिंग म्हणजे सारख्या अंतरावरचे गोल ठिपके; गॅरेजचे म्हणजे ओबडधोबड रेघ किंवा त्यावर फासलेले सीलंट. दारांचे रबर ओढून पिलरच्या (छताच्या खांबांच्या) कडेवरचे ठिपकेही तसेच पाहावेत. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, पुन्हा मारलेला दोन-अडीचशेच्या वर, आणि पुट्टी असेल तिथे आकडा पाचशे-हजारापर्यंत जातो. यंत्र नसेल तर फ्रिजवरचा पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवावा, पुट्टीवर तो धरत नाही. पिलर, छत किंवा एप्रनवर पुट्टी लागली तर किंमत कितीही उतरली तरी नको.

चालवून बघताना रेडिओ बंद. खडखड झाली तर सस्पेन्शनचे भाग: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप. हे सुटे भाग आहेत, भाव करायला उपयोगी. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी डावी-उजवी वळवली की बदलणारी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग. क्लचसाठी तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाला एकदम रेस द्यावी. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपली. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यांत टिकाऊ. एएमटीत ॲक्चुएटर आणि क्लच झिजतात, चढावर झटके देतात. सीव्हीटीत ऑइल बदलल्याचा पुरावा हवा. कोरड्या ड्युएल क्लचची गाडी ट्रॅफिकमध्ये सरपटत चालवून बघावी, थरथरली तर वॉरंटीबाहेर घेऊ नये.

एवढे करून गाडी उत्तम निघाली तरी सुटे भाग मिळायला हवेत. बडोद्याला हे वेगळे सांगायला नको. इथून जवळच्या हालोलच्या कारखान्यात जनरल मोटर्सने २०१७ मध्ये उत्पादन थांबवले, शेव्हरोलेची देशातली विक्री त्याच वर्षी संपली. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे बंद केल्याचे जाहीर केले, साणंदचा त्यांचा गाड्यांचा कारखाना आता टाटांकडे आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच असे झिजणारे भाग अशा गाड्यांचेही मिळतात. अडते ते हेडलाइट, काचा, बॉडीचे पत्रे आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर. स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने आपल्या मेकॅनिकला या चार वस्तूंचा भाव आधी काढायला सांगावा.

कागदपत्रांचे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. वाहन पोर्टलवर मालकांची संख्या, बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहावीत. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, हस्तांतरणाला फॉर्म २९ व ३०, दुसऱ्या राज्यात न्यायची तर फॉर्म २८. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. आधीचा नंबर डीएल असेल तर ती का आली हे उघड आहे, भाव त्याप्रमाणे करावा. शेवटी गाडी आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याच्या नव्हे, अशा गॅरेजात लिफ्टवर चढवावी. हजार-दोन हजार जातील.

संपादक महोदय, वर लिहिलेली पाण्याची तपासणी प्रत्येक ग्राहकाने गालिचे उचकटून करावी, ही खरे तर नामुष्की आहे. कोणत्या चेसिस नंबरची गाडी कोणत्या तारखेला टोटल लॉस झाली, हे विमा कंपन्यांच्या दफ्तरी असते. आरसीच्या नोंदी वाहन पोर्टलवर असतात. पुराचा किंवा टोटल लॉसचा दावा मंजूर झाला की त्याची तारीख त्या गाडीच्या नोंदीत आपोआप दिसावी, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या गाडीचा नंबर लिलावाआधीच रद्द व्हावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रातून परिवहन मंत्रालय आणि विमा नियामकापर्यंत पोहोचावी, ही विनंती.

कळावे,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे